सॉफ्ट स्टार्टरवर मोटरच्या संरक्षणाची सेटिंग्ज कशी ठरवावीत: ११० किलोवॅटच्या उपसा पंपाचे उदाहरण

प्रश्न थोडक्यात असा आहे. नदीकाठच्या एका उपसा सिंचन योजनेच्या पंपघरात ११० किलोवॅट, ४१५ व्होल्ट, चार पोलची मोटर सेंट्रिफ्यूगल पंपाला जोडलेली आहे. नेमप्लेटवर फुल लोड करंट, म्हणजे पूर्ण भाराचा करंट, १८५ अँपिअर लिहिला आहे. मोटरला सुरुवातीला कमी व्होल्टेज देऊन सावकाश उठवणारा सॉफ्ट स्टार्टर २१० अँपिअरचा असून त्यात करंट लिमिट (स्टार्टच्या वेळी करंट फुल लोड करंटच्या किती टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायचा ती मर्यादा) २५० टक्के आणि ओव्हरलोडचा क्लास (जादा करंटवर किती वेळाने ट्रिप व्हायचे ती श्रेणी) १० ठेवला आहे. स्टार्ट पूर्ण व्हायला सुमारे २८ सेकंद लागतात. सकाळी पहिल्यांदा पंप विनातक्रार चालू होतो. मात्र दुपारी वीज जाऊन आली आणि पंप लगेच पुन्हा चालू केला, की बहुतेक वेळा तो वेग घेता घेताच ओव्हरलोडवर ट्रिप होतो. पॅनल बसवणाऱ्याने फुल लोड करंटच्या जागी २१० भरावे आणि क्लास ३० करावा, असा सल्ला दिला आहे. तो मानावा का, आणि बाकीच्या मर्यादा कोणत्या हिशेबाने ठरवाव्यात, असे विचारले आहे.

हा सल्ला मानू नये. त्याने ट्रिप नक्की थांबेल, परंतु ट्रिप ज्या कारणाने होत होती ते कारण तसेच राहील आणि त्याची किंमत वाइंडिंग मोजेल. संरक्षणाचा प्रत्येक आकडा मोटरच्या किंवा पंपाच्या एखाद्या गुणधर्मातून आला पाहिजे. ट्रिपच्या त्रासातून आलेला आकडा संरक्षण करत नाही. पुढे सर्व सेटिंग्ज याच कसोटीवर घेतो.

सुरुवात फुल लोड करंटपासून करावी लागते, कारण सॉफ्ट स्टार्टरमधील जवळजवळ सगळ्या मर्यादा या एका आकड्याच्या टक्केवारीत असतात. हा आकडा चुकला, की करंट लिमिट, ओव्हरलोड, अंडरलोड, जॅम आणि अर्थ फॉल्ट हे सगळे एकाच वेळी चुकतात. २१० हा स्टार्टरच्या थायरिस्टरची, म्हणजे करंट आवरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचची, क्षमता सांगणारा आकडा आहे. मोटरशी त्याचा संबंध नाही. आयईसी ६०९४७-४-१ या मानकानुसार ओव्हरलोड रिलेने सेटिंगच्या १.०५ पट करंटवर दोन तासांत ट्रिप होता कामा नये आणि त्यानंतर १.२ पट करंटवर दोन तासांच्या आत ट्रिप झालेच पाहिजे. १८५ भरले असेल तर मोटर जास्तीत जास्त १९४ अँपिअरवर विनाअडथळा चालत राहील. २१० भरले तर तीच मोटर २२० अँपिअरवर दिवसभर चालेल आणि रिलेला त्यात काही वावगे दिसणार नाही. २२० अँपिअर म्हणजे नेमप्लेटच्या १९ टक्के जास्त, आणि तांब्यातील उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती ४१ टक्क्यांहून अधिक जास्त. इन्सुलेशनचे तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा आपल्या क्षेत्रातला जुना ठोकताळा लक्षात घेतला, तर अशी मोटर दोन-तीन हंगामांत रिवाइंडिंगला का जाते हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच्या उलट सवयही दिसते. पंप प्रत्यक्षात १६० अँपिअर घेतो म्हणून कोणी फुल लोड करंट १६५ भरतो. यात मोटरला धोका नाही, पण स्टार्टरचा थर्मल हिशेब खोटा पडतो, ग्रामीण फीडरवर व्होल्टेज ३८५ पर्यंत उतरले की करंट वाढून विनाकारण ट्रिप येतात, आणि मग कंटाळून कोणीतरी तो आकडा एकदम फारच वर नेतो. म्हणून फुल लोड करंट नेमप्लेटचाच ठेवावा आणि पंपाच्या भारावर नजर ठेवण्यासाठी त्यासाठीच असलेल्या वेगळ्या मर्यादा वापराव्यात. सर्व्हिस फॅक्टर नेमप्लेटवर स्पष्ट लिहिलेला नसेल, तर तो १ समजावा.

आता ट्रिप का होते ते पाहू. इलेक्ट्रॉनिक ओव्हरलोड हा मोटरच्या उष्णतेचा चालता हिशेब असतो. करंटचा वर्ग गुणिले वेळ या मापाने तो उष्णता जमा करतो आणि थंड होण्याच्या वेगाने वजा करतो. क्लास १० चा अर्थ असा, की थंड स्थितीतून सेटिंगच्या ७.२ पट करंट वाहिल्यास रिले ४ ते १० सेकंदांत ट्रिप होतो. क्लास २० साठी ही मर्यादा ६ ते २० सेकंद आणि क्लास ३० साठी ९ ते ३० सेकंद आहे. ७.२ चा वर्ग सुमारे ५१.८, म्हणजे क्लास १० मध्ये थंड मोटरसाठी २०७ ते ५१८ एवढी उष्णता साठवण्याची जागा आहे. तुमच्या स्टार्टला २.५ पट करंट २८ सेकंद लागतो: २.५ चा वर्ग ६.२५, गुणिले २८, म्हणजे १७५. थंड मोटरच्या २०७ मध्ये हे बसते, म्हणून सकाळची स्टार्ट निभावते. दुपारी मोटर पूर्ण भाराने तापलेली असते आणि हिशेबातील बरीचशी जागा आधीच भरलेली असते. गरम स्थितीत ट्रिपची वेळ थंड स्थितीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते असे धरले, तर शिल्लक जागा ६९ ते १७३ एवढीच उरते. तीत १७५ मावत नाहीत. रिले अगदी बरोबर काम करत आहे. तापलेल्या मोटरवर आणखी तेवढीच उष्णता टाकू नका, एवढेच तो सांगत आहे.

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे तो करंट लिमिटबद्दल. लिमिट जितकी कमी तितकी मोटर सुखात, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात सॉफ्ट स्टार्टर थायरिस्टरच्या फायरिंगचा कोन बदलून मोटरला मिळणारे व्होल्टेज कमी करतो. करंट व्होल्टेजच्या प्रमाणात घटतो, मात्र टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. थेट लाईनवर ही मोटर ६.५ पट करंट घेत असेल, तर २५० टक्के लिमिटवर तिला थेट स्टार्टच्या टॉर्कपैकी जेमतेम १५ टक्के टॉर्क मिळतो. लिमिट ३५० टक्के केली की हाच आकडा २९ टक्के होतो, म्हणजे जवळपास दुप्पट. पंपाला फिरवण्यासाठी लागणारा टॉर्क दोन्ही वेळा सारखाच असल्यामुळे वेग वाढवायला जो टॉर्क उरतो तो दुपटीपेक्षाही जास्त वाढतो, आणि स्टार्टची वेळ त्या मानाने झपाट्याने खाली येते. ती ११ सेकंदांवर आली असे धरू: ३.५ चा वर्ग १२.२५, गुणिले ११, म्हणजे १३५. करंट वाढवूनही एकूण उष्णता १७५ वरून १३५ वर आली. याशिवाय रोटरमध्ये साठणारी उष्णता या हिशेबात धड दिसतच नाही. कमी टॉर्कवर रेंगाळणारी मोटर मोठ्या स्लिपवर (रोटर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या बराच मागे असताना) जास्त वेळ राहते आणि रोटरचे बार तापतात. डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टार्ट करण्याची सवय असेल तर हा सगळा हिशेब आणखी बिघडतो. सेंट्रिफ्यूगल पंपाचा व्हॉल्व्ह स्टार्टच्या वेळी बंद असावा आणि मोटर पूर्ण वेगाला आल्यावर, बायपास कॉन्टॅक्टर (थायरिस्टर वगळून करंट थेट नेणारा स्विच) बसल्यानंतर, सावकाश उघडावा.

लिमिट वाढवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, डीपीची, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मरची, क्षमता. ३१५ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा करंट सुमारे ४३८ अँपिअर असतो. ३५० टक्के म्हणजे ६४८ अँपिअर त्यावर दहा-बारा सेकंद येतील. ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स साडेचार टक्के धरला तर त्याच्या टर्मिनलवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्होल्टेज पडेल, त्यात केबलचा आणि ११ केव्ही लाईनचा भाग वेगळा. हे सहन होण्यासारखे आहे, परंतु दुसरा पंप त्याच डीपीवर चालू असेल तर त्याची अंडरव्होल्टेज मर्यादा आणि तिचा वेळ या घसरणीला पुरून उरेल असा हवा. दुसरी गोष्ट, स्टार्टरची स्वतःची क्षमता. स्टार्टरच्या पाटीवर 'एसी-५३बी' या सांकेतिक अक्षरांपुढे ३.५-१५:३४५ असे काही छापलेले असते. त्याचा अर्थ असा, की पाटीवरच्या करंटच्या ३.५ पट करंट १५ सेकंद चालेल आणि पुढची ३४५ सेकंद थायरिस्टरमधून करंट वाहता कामा नये. म्हणजे सहा मिनिटांत एक स्टार्ट, तासाला दहा. तुमचे ६४८ अँपिअर हे २१० च्या ३.१ पट आहेत आणि वेळ ११ सेकंद आहे, तेव्हा स्टार्टर सुस्थितीत राहील. हे आकडे ४० अंश सेल्सिअस भोवतालच्या तापमानासाठी आणि समुद्रसपाटीपासून १००० मीटर उंचीपर्यंत धरलेले असतात. चंद्रपूर-नागपूरकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पंपघरातील बंद पॅनलमध्ये ५० अंश सहज होतात; तिथे एक साईज मोठा स्टार्टर घेणे हाच प्रामाणिक उपाय आहे. आणि साईज मोठा घेतला तरी फुल लोड करंट मोटरचाच भरायचा.

क्लास कोणता ठेवावा हे मोटर निर्मात्याच्या पत्रकावरून ठरते. त्यात रोटर अडकलेल्या स्थितीत मोटर किती सेकंद तग धरते हे गरम आणि थंड अशा दोन स्थितींसाठी दिलेले असते. समजा ६.५ पट करंटला गरम स्थितीत १२ आणि थंड स्थितीत २५ सेकंद दिले आहेत. ६.५ चा वर्ग ४२.२५, म्हणजे थंड मोटरची सहनशक्ती सुमारे १०५६. क्लास २० ची वरची मर्यादा, ५१.८ गुणिले २०, सुमारे १०३७ येते. ती मोटरच्या सहनशक्तीच्या आत आहे, पण काठावर. क्लास ३० ची वरची मर्यादा १५५५ येते. म्हणजे क्लास ३० वर मोटर जळून गेली तरी रिले वाट पाहत बसू शकतो. तुमच्या बाबतीत मी आधी लिमिट ३५० करून, व्हॉल्व्ह बंद ठेवून क्लास १० वरच दुपारची स्टार्ट तपासेन. तरीही ट्रिप आली आणि मोटरचे पत्रक परवानगी देत असेल, तर क्लास २० करेन. क्लास ३० हा मोठ्या पंख्यांसारख्या, बॉल मिलसारख्या जड जडत्वाच्या यंत्रांसाठी, आणि तोही त्यासाठी मुद्दाम निवडलेल्या मोटरवरच शोभतो.

याला जोडून पुन्हा स्टार्ट करण्यापूर्वीची सक्तीची विश्रांती येते. आयईसी ६००३४-१२ नुसार सामान्य मोटरने थंड स्थितीतून लागोपाठ दोन किंवा गरम स्थितीतून एक स्टार्ट सहन करणे अपेक्षित आहे. त्यापुढे तिला थंड होऊ द्यावे लागते. थांबलेल्या मोटरचा पंखा फिरत नाही, त्यामुळे ती चालू मोटरपेक्षा दोन-तीन पट सावकाश निवते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पंपाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर रायझिंग मेनमधले (पाणी वर नेणाऱ्या मुख्य पाइपमधले) पाणी मागे येऊन इम्पेलर उलटा फिरवते, आणि उलट्या फिरणाऱ्या पंपावर स्टार्ट दिली की आधी त्याला थांबवण्यातच कित्येक सेकंद जातात. म्हणून वीज आल्यावर किमान दहा-पंधरा मिनिटे स्टार्ट रोखणारी वेळ भरावी. ओव्हरलोड ट्रिपनंतर आपोआप रीसेट होणे कायमचे बंद ठेवावे. शेतीच्या पंपांवर वीज आल्याबरोबर पंप चालू करणारा ऑटो स्विच लावण्याची पद्धत आहे. सॉफ्ट स्टार्टरच्या पॅनलवर त्याला थारा देऊ नये, कारण एका फीडरवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठतात आणि पडलेल्या व्होल्टेजवर प्रत्येक स्टार्ट लांबते.

वीज गेल्यावर थर्मल हिशेब पुसला जातो का, हेही पाहावे. ओव्हरलोड ट्रिप झाल्यावर कंट्रोल सप्लाय बंद करून पुन्हा चालू करा आणि स्क्रीनवरची थर्मल टक्केवारी वाचा. ती शून्य झाली असेल तर त्या स्टार्टरला तापलेली मोटर थंड वाटते, आणि रीसेट होत नाही म्हणून मेन स्विच ओढून पुन्हा टाकणाऱ्या ऑपरेटरच्या हाती मोटर जाळण्याची सोय आहे. अशा ठिकाणी कंट्रोल सप्लायला छोटा यूपीएस द्यावा किंवा वाइंडिंगमधील थर्मिस्टर (तापमान ओळखणारे संवेदक) सक्तीने जोडून घ्यावेत.

आता दोन अशा चुका, ज्यांत स्क्रीनवरचे सगळे आकडे बरोबर असतात आणि तरी संरक्षण नसते. पहिली बाहेरच्या बायपास कॉन्टॅक्टरची. स्टार्ट पूर्ण झाल्यावर करंट थायरिस्टर सोडून बायपासमधून जातो. करंट मोजणारे सीटी स्टार्टरच्या आत असतील आणि बायपासची केबल थेट इनकमर आणि मोटर टर्मिनल यांच्यामध्ये टाकली असेल, तर बायपास बसताच स्टार्टरला करंट शून्य दिसतो. काही स्टार्टर त्यावर अंडरलोडची ट्रिप देतात. मग बसवणारा अंडरलोड बंद करून मोकळा होतो, आणि त्या क्षणापासून मोटरला ओव्हरलोडसुद्धा उरत नाही. एका पंपघरात मी हेच पाहिले: पंप भरात चालू, टाँग टेस्टरवर (केबलभोवती पकडून करंट मोजणाऱ्या साधनावर) १७२ अँपिअर आणि स्टार्टरच्या स्क्रीनवर शून्य. बायपाससाठी दिलेली वेगळी टर्मिनल्स सीटीच्या योग्य बाजूला असतात. केबल तिथेच यावी. कमिशनिंगच्या वेळी बायपास बसल्यानंतर तिन्ही फेजचे करंट टाँग टेस्टरने मोजून स्क्रीनशी ताडून पाहणे हा त्यावरचा साधा आणि अचूक उपाय आहे.

दुसरी चूक डेल्टाच्या आत, म्हणजे सहा वायरींनी जोडलेल्या स्टार्टरची. या जोडणीत स्टार्टरमधून लाईन करंट न जाता वाइंडिंगचा करंट जातो, जो लाईन करंटच्या ५८ टक्के असतो; १८५ अँपिअरच्या मोटरसाठी १०७ अँपिअर. लहान स्टार्टरवर काम भागते म्हणून ही जोडणी लोकप्रिय आहे. पण काही स्टार्टर जोडणीचा प्रकार निवडल्यावर लाईन करंटच भरायला सांगतात आणि भागाकार स्वतः करतात, तर काहींमध्ये आपणच १०७ भरायचे असतात. ज्या स्टार्टरला १०७ हवे आहेत त्यात १८५ भरले, तर ओव्हरलोडची मर्यादा १.७३ पट वर जाते आणि मोटरला काही संरक्षण राहत नाही. उलट चूक झाली तर मोटर निम्म्या भारावर ट्रिप होते, आणि ती चूक निदान लगेच कळते. मॅन्युअलमधील जोडणीचे पान उघडून हा मुद्दा वाचल्याशिवाय आकडा भरू नये. शिवाय या जोडणीत स्टार्टर बंद असतानाही वाइंडिंगच्या टोकांवर लाईनचे व्होल्टेज राहते, त्यामुळे पुढे मेन कॉन्टॅक्टर असलाच पाहिजे आणि थायरिस्टर शॉर्ट झाल्याचा अलार्म त्याला उघडेल असे वायरिंग हवे.

फेजच्या असंतुलनाबद्दल सविस्तर सांगतो, कारण ग्रामीण भागात बहुतेक मोटर याच वाटेने जातात. समजा पंप हलक्या भारावर १०० अँपिअर घेत आहे आणि डीपीवरचा एक फ्यूज गेला. उरलेल्या दोन लाईनचा करंट सुमारे १७३ अँपिअर होतो. हा १८५ पेक्षा कमी आहे, म्हणून ओव्हरलोड गप्प बसतो. पण डेल्टाच्या आत हा करंट समान वाटला जात नाही; दोन जिवंत लाईनवर थेट आलेल्या वाइंडिंगला त्यातला दोन तृतीयांश, म्हणजे ११५ अँपिअर मिळतो, तर त्या वाइंडिंगची क्षमता १०७ अँपिअरच आहे. त्यात उलट फिरणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे रोटरमध्ये सुमारे १०० हर्ट्झचा करंट निर्माण होतो आणि रोटर वेगळा तापतो. म्हणून फेज फेल्युअर आणि करंट असंतुलन या मर्यादा ओव्हरलोडवर सोडून चालत नाही. व्होल्टेजमधले १ टक्का असंतुलन करंटमध्ये ६ ते १० टक्के होऊन दिसते. ४२५, ४१५ आणि ४०२ व्होल्ट अशी तीन रीडिंग घ्या: सरासरी ४१४, सर्वांत मोठा फरक १२, म्हणजे २.९ टक्के असंतुलन. टेस्टरने पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटेल, पण करंटमध्ये २० टक्क्यांपेक्षा जास्त तफावत दिसू शकते. माझी पद्धत अशी, की अलार्म १० ते १५ टक्क्यांवर, ट्रिप २५ टक्क्यांवर पाच सेकंदांच्या विलंबाने, आणि फेज पूर्ण गेल्यास एक-दोन सेकंदांत ट्रिप ठेवावी. २५ टक्क्यांवर सतत ट्रिप येत असेल तर मर्यादा ४० करण्याआधी मोटरच्या तिन्ही केबल क्रमाने एकेक जागा पुढे सरकवून, म्हणजे फिरण्याची दिशा तीच ठेवून, पुन्हा मोजावे. जास्त करंट त्याच लाईनवर राहिला तर दोष पुरवठ्याचा. तो मोटरच्या केबलबरोबर सरकला तर दोष वाइंडिंगचा. फेज सीक्वेन्सचे संरक्षण बंद करू नये; डीपी बदलली किंवा जंपर पुन्हा बांधले, की फेज उलटसुलट होतात आणि पंप उलटा फिरतो.

पंपासाठी अंडरलोड ही मर्यादा ओव्हरलोडइतकीच मोलाची आहे. नदीची पातळी उतरून फूट व्हॉल्व्ह उघडा पडला किंवा प्रायमिंग सुटले, की पंप कोरडा चालतो आणि ग्लँड, सील, बेअरिंग यांची वाट लागते. परंतु इंडक्शन मोटरचा करंट भाराच्या प्रमाणात उतरत नाही, कारण चुंबकीकरणाचा करंट भार नसतानाही वाहतच असतो. या आकाराच्या संचावर साधारण असे दिसते: नेहमीच्या भारावर १६५ अँपिअर, व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना ११० आणि पंप कोरडा असताना ७०. किलोवॅटमध्ये पाहिले तर हेच अनुक्रमे १०२, ५९ आणि १८ असे येतात. करंट ४२ टक्क्यांवर उतरतो तिथे पॉवर १८ टक्क्यांवर उतरते, म्हणून स्टार्टर पॉवर मोजत असेल तर अंडरलोड पॉवरवरच लावावा. फक्त करंटची सोय असेल, तर या संचासाठी ९० अँपिअर, म्हणजे फुल लोड करंटच्या ४९ टक्के, आणि ८ ते १० सेकंदांचा विलंब योग्य ठरतो. हे आकडे तुमच्या पंपावर स्वतः मोजून घ्यावेत. कोरड्याचा आणि बंद व्हॉल्व्हचा आकडा यांच्या मधोमध मर्यादा ठेवावी. ही मर्यादा बायपास बसल्यानंतरच जागी व्हावी. सबमर्सिबल मोटर असेल तर विलंब आणखी कमी ठेवावा, कारण तिला पाणीच थंड करत असते.

जॅमची मर्यादा पूर्ण वेगावर असतानाच लागू ठेवून फुल लोडच्या २०० टक्के आणि एक ते दोन सेकंद ठेवावी. इम्पेलरमध्ये लाकूड किंवा दगड अडकला तर ओव्हरलोडची वाट पाहण्यात अर्थ नसतो. स्टार्टच्या कमाल वेळेची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेळेच्या सव्वा ते दीड पट असावी. ११ सेकंदांच्या स्टार्टला १५ सेकंद पुरेसे आहेत. फॅक्टरीतून आलेले ६० सेकंद तसेच ठेवलेले मी वारंवार पाहतो, आणि तसे ठेवणे म्हणजे ती मर्यादा नसल्यातच जमा आहे. अंडरव्होल्टेज १५ टक्के खाली, म्हणजे ३५३ व्होल्ट, आणि त्याचा विलंब शेजारच्या पंपाच्या स्टार्टपेक्षा जास्त; ओव्हरव्होल्टेज १० टक्के वर, म्हणजे ४५६ व्होल्ट. रात्री भार उतरला की आडवळणाच्या फीडरवर व्होल्टेज एवढे चढते. अर्थ फॉल्टसाठी तीन सीटींची बेरीज वापरली असेल तर २० ते ३० टक्क्यांखाली जाऊ नये आणि स्टार्टच्या वेळी विलंब द्यावा, कारण सीटींच्या फरकामुळे खोटी बेरीज दिसते. त्याहून बारीक संरक्षण हवे असेल तर तिन्ही केबल एकत्र जाणारा वेगळा सीबीसीटी बसवावा.

सॉफ्ट स्टॉप वापरत असाल तर तोही उष्णतेच्या हिशेबात येतो. रायझिंग मेनमधील वॉटर हॅमर (पाणी एकदम थांबल्याने पाइपला बसणारा दणका) कमी करायला तो फार उपयोगी आहे, पण थांबताना १५ सेकंद व्होल्टेज उतरवणे म्हणजे थायरिस्टरवर आणि मोटरवर जवळपास आणखी एका स्टार्टचा भार पडणे. तासाला किती स्टार्ट हे मोजताना प्रत्येक सॉफ्ट स्टॉप त्यात धरावा.

शॉर्ट सर्किटचे काम सॉफ्ट स्टार्टरच्या सेटिंगने होत नाही. नुसता एमसीसीबी (सर्किट ब्रेकर) असेल तर केबल वाचते, मात्र थायरिस्टर बहुधा जातो. थायरिस्टर वाचवायचा असेल तर निर्मात्याच्या तक्त्यातील सेमीकंडक्टर फ्यूजच हवेत आणि गेल्यावर त्याच क्रमांकाचे बसवायला हवेत. साधा एचआरसी फ्यूज घातला की ती काळजी व्यर्थ जाते.

वाइंडिंगमध्ये थर्मिस्टर असतील तर ते जोडलेच पाहिजेत. करंटवरून काढलेला हिशेब मोटरच्या पंख्यावर साचलेली धूळ, बंद झालेली हवा किंवा ४५ अंशांचे ऊन ओळखू शकत नाही, थर्मिस्टर ओळखतो. थंड स्थितीत तिघांच्या मालिकेचा रोध १५०० ओहमच्या आत असतो आणि ट्रिप १६५० ते ४००० ओहमच्या दरम्यान येते. त्यांना मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारे यंत्र) कधीही लावू नये, एका झटक्यात ते निकामी होतात.

पॉवर फॅक्टरसाठी लावलेले कॅपॅसिटर मोटरच्या टर्मिनलवर असतील तर सॉफ्ट स्टार्टर बसवताना ते तिथून काढावेत. थायरिस्टरच्या पुढे कॅपॅसिटर असला की चार्जिंगच्या झटक्याने थायरिस्टर फुटतो. आणि एरवीही सीटीला मोटरचा खरा करंट न दिसता कॅपॅसिटरने कमी केलेला करंट दिसतो, म्हणजे ओव्हरलोड आपोआप सैल होतो. ते सप्लायच्या बाजूला, बायपास बसल्यानंतर घेणाऱ्या वेगळ्या कॉन्टॅक्टरवर न्यावेत. एकाच स्टार्टरवर दोन-तीन पंप आळीपाळीने उठवण्याची रचना असेल, तर प्रत्येक मोटरच्या बायपासमध्ये तिचा स्वतःचा ओव्हरलोड रिले असणे अटळ आहे. स्टार्टर फक्त त्या क्षणी त्याच्यावर असलेली मोटर पाहत असतो.

मोटर एकदा रिवाइंड झालेली असेल तर नेमप्लेटवर आंधळा भरवसा ठेवता येत नाही. तारेचा गेज किंवा टर्न बदलले गेले असतील तर ते बिनभाराच्या करंटमध्ये दिसते. कपलिंग सोडून, ४१५ व्होल्टच्या आसपास, तिन्ही फेजचा करंट मोजावा. चार पोलच्या ११० किलोवॅट मोटरला तो साधारण ५५ ते ६५ अँपिअर आणि तिन्ही फेजमध्ये जवळजवळ सारखा यावा. ८० च्या पुढे गेला, तर फुल लोड करंट १७५ च्या आसपास भरून पंपाचा भार व्हॉल्व्हने आवरावा आणि मोटर बदलण्याची तयारी ठेवावी.

सेटिंग भरून झाल्यावर प्रत्येक मर्यादा प्रत्यक्ष ट्रिप होते का ते पाहावे. व्हॉल्व्ह बंद ठेवून अंडरलोडची मर्यादा तात्पुरती ७० टक्के करा, मोजलेल्या विलंबाने ट्रिप येते का बघा आणि मूळ आकडा परत भरा. फेज फेल्युअरची चाचणी पंप बंद असताना एक फ्यूज काढून, मग स्टार्ट देऊन घ्यावी. चालू मोटरचा फ्यूज ओढू नये. ओव्हरलोडसाठी फुल लोड करंट काही मिनिटांसाठी १३० करून १६५ अँपिअरवर ट्रिप येईपर्यंतची वेळ घड्याळाने मोजावी आणि मॅन्युअलमधील वक्राशी ताडावी. मोटर तेवढ्या वेळात तिच्या क्षमतेच्या आतच असते, त्यामुळे यात धोका नाही. शेवटी १८५, ३५०, क्लास, विलंब आणि मोजलेली स्टार्टची वेळ हे सगळे तारखेसह कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवावे आणि पासवर्ड योजनेच्या जबाबदार माणसाकडे द्यावा. पुढच्या हंगामात स्टार्टला ११ ऐवजी १६ सेकंद लागू लागले, तर १५ सेकंदांची मर्यादा आधी बोलेल, आणि त्या वेळी बेअरिंग, व्होल्टेज आणि व्हॉल्व्ह या क्रमाने तपासणी सुरू करावी.